नकाशाचं प्रमाण आणि कॅमेऱ्याची उंची: एकच गुणक सगळीकडे का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टूडी नकाशावर वापरकर्ता १:२५,००० या प्रमाणावर आहे. त्याने थ्रीडीचं बटण दाबलं की सिझियममध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये पृथ्वीचा थ्रीडी गोल दाखवणाऱ्या लायब्ररीत, तोच भाग, त्याच आकारात दिसायला हवा. करून पाहून तुम्ही एक गुणक काढलात: प्रमाणाचा छेद गुणिले ०.४६६, की झाली कॅमेऱ्याची उंची. तुमच्या मॉनिटरवर हे चोख बसतं. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र थ्रीडीत गेलं की सगळं लहान दिसतं, उत्तरेकडच्या प्रदेशांत तर जवळजवळ निम्मं, आणि उंच पठारांवर उलट जास्तच मोठं. म्हणून तुम्ही विचारलंत की बरोबर गुणक कोणता.

असा एक गुणक नाही. पण तुमचा ०.४६६ चुकीचाही नाही. तो एका ठरावीक रुंदीच्या चौकटीसाठी, विषुववृत्ताजवळच्या सपाट जमिनीसाठी अगदी बरोबर आहे. तो कुठून आला हे उलगडलं की बाकीच्या तिन्ही तक्रारींची कारणं आपोआप समोर येतील, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी प्रमाणाकडे पाहू. कागदावर १:२५,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर हा जमिनीवरचे २५० मीटर. कागदाचा सेंटीमीटर बदलत नाही. पडद्यावर मात्र आपण पिक्सेल मोजतो, आणि एक पिक्सेल किती मिलिमीटरचा हे सॉफ्टवेअरला सहसा ठाऊक नसतं, ते गृहीत धरतं. ओजीसी या भू-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत हा गृहीत पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा आहे. इझ्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीची परंपरा इंचाला ९६ पिक्सेल धरते, म्हणजे ०.२६४६ मिलिमीटर. वेब मर्केटर या वेब नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीत) चौदाव्या झूम लेव्हलला एके ठिकाणी १:३४,१२४ लिहिलेलं आणि दुसरीकडे १:३६,११२ लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. टाइल, म्हणजे नकाशाचा चौकोनी तुकडा, तीच, चित्र तेच, फक्त पिक्सेलचा गृहीत आकार वेगळा.

खऱ्या पडद्याशी या आकड्यांचा संबंध सैलच असतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या २४ इंची मॉनिटरवर पिक्सेल साधारण ०.२७७ मिलिमीटरचा असतो, तेवढ्याच पिक्सेलांच्या १४ इंची लॅपटॉपवर ०.१६ च्या आसपास. म्हणजे पडद्यावर लिहिलेलं प्रमाण हे नाममात्र आहे, पट्टी लावून तपासायची गोष्ट नव्हे.

म्हणून मी माझ्या कामात दोन दृश्यांमधला पूल प्रमाणाचा कधीच बांधत नाही. मी मीटर प्रति पिक्सेल वापरतो. प्रमाणाचा छेद गुणिले पिक्सेलचा गृहीत आकार, की मीटर प्रति पिक्सेल मिळतो:

२५,००० × ०.०००२८ = ७ मीटर प्रति पिक्सेल.

तुम्हाला खरं तर हवं आहे ते इतकंच, की टूडीत जमिनीचे ७ मीटर एका पिक्सेलमध्ये मावत असतील तर थ्रीडीतही तेवढेच मावावेत. दोन्ही दृश्यं एकाच पडद्यावर आहेत, त्यामुळे पिक्सेल खरोखर किती मिलिमीटरचा हा प्रश्नच उरत नाही. शक्य असेल तर प्रमाण हा टप्पाच गाळा आणि टूडी लायब्ररीकडून थेट रिझोल्यूशन, म्हणजे हेच मीटर प्रति पिक्सेल, घ्या, बहुतेक लायब्रऱ्या ते देतात. प्रमाणावरूनच यावं लागणार असेल, तर त्या लायब्ररीने ०.२८ धरलं आहे की ९६ डीपीआय (इंचाला ९६ पिक्सेल) हे तिच्या दस्तऐवजात पाहून तोच आकडा घ्या. उलटसुलट केलंत तर जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक पडतो. तो डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण टूडीतून थ्रीडीत जाताना नकाशा किंचित दचकतो.

आता कॅमेरा. पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्याला, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला, एक दृश्यकोन असतो, कोडमध्ये ज्याला एफओव्ही म्हणतात तो. कॅमेरा सरळ खाली पाहत असेल तर कॅमेऱ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर आणि चौकटीत मावणारी जमीन यांचा एक काटकोन त्रिकोण होतो. शाळेतली त्रिकोणमिती पुरते. मी ती एका खास रूपात मांडतो, कारण त्यामुळे पुढचं सगळं सोपं होतं:

पिक्सेल-अंतर = अर्ध्या चौकटीचे पिक्सेल ÷ टॅन (अर्धा दृश्यकोन)

उंची = पिक्सेल-अंतर × मीटर प्रति पिक्सेल

पिक्सेल-अंतर हे मी दिलेलं नाव. कॅमेरा चित्रापासून किती पिक्सेल मागे उभा आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा फक्त चौकट आणि दृश्यकोन यांच्यावर ठरतो, नकाशा कुठला आणि प्रमाण कोणतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅमेऱ्याबद्दलची सगळी माहिती या एका आकड्यात येते आणि नकाशाबद्दलची सगळी मीटर प्रति पिक्सेलमध्ये. दोन्ही वेगळी ठेवली की चूक कुठल्या बाजूला आहे हे लगेच कळतं.

इथे एक खाचखळगा आहे आणि बहुतेक जण त्यातच अडकतात: दृश्यकोन कुठल्या दिशेने मोजलेला आहे? सिझियममध्ये मुळात तो ६० अंश असतो. पण चौकट आडवी असेल तर तो रुंदीवर मोजतात आणि उभी असेल तर उंचीवर. मॅपबॉक्स जीएल या वेब-नकाशाच्या लायब्ररीत तो उभा मोजलेला, सुमारे ३६.८७ अंशांचा आहे. हा विचित्र आकडा अशासाठी, की त्याच्या अर्ध्याचा टॅन बरोबर एक तृतीयांश येतो आणि पिक्सेल-अंतर चौकटीच्या उंचीच्या नेमकं दीडपट होतं. इझ्रीच्या आर्कजीआयएसच्या जावास्क्रिप्ट एपीआयमधल्या सीनव्ह्यू या थ्रीडी दृश्यामध्ये तो ५५ अंशांचा आहे, आणि तोही कर्णावर मोजलेला.

१९२० × १०८० ची चौकट घेऊन १:२५,००० साठी, म्हणजे ७ मीटर प्रति पिक्सेलसाठी, तिन्हींचा हिशेब करून पाहू. सिझियममध्ये ९६० भागिले टॅन ३०, म्हणजे सुमारे १,६६३ पिक्सेल, उंची सुमारे ११,६४० मीटर. मॅपबॉक्समध्ये १,०८० ची दीडपट १,६२० पिक्सेल, उंची ११,३४० मीटर. सीनव्ह्यूमध्ये अर्धा कर्ण सुमारे १,१०१ पिक्सेल, त्याला टॅन २७.५ ने भागलं की सुमारे २,११६ पिक्सेल, उंची जवळपास १४,८०० मीटर. एकच प्रमाण, एकच चौकट, आणि तीन उंची. तिन्ही बरोबर. सिझियमचा ६० अंशांचा कोन उभा आहे असं समजून कोणी हिशेब केला, तर पिक्सेल-अंतर ९३५ आणि उंची साधारण ६,५५० मीटर येते. खऱ्या उत्तराशी १६:९ इतकं गुणोत्तर. कोणाच्या हिशेबात असा १.७८ पटींचा फरक दिसला, तर पहिला संशय मी दृश्यकोनाच्या दिशेवरच घेतो.

तुमच्या गुणकाचं कोडंही आता सुटतं. १,६६३ गुणिले ०.०००२८ केलं की ०.४६६ येतात. म्हणजे तुमच्या गुणकात १९२० पिक्सेलांची रुंदी गोठलेली आहे. सहकाऱ्याच्या लॅपटॉपची चौकट १,३६६ पिक्सेल रुंद आहे असं धरा. तिथे पिक्सेल-अंतर १,१८३ आणि योग्य उंची सुमारे ८,२८० मीटर. तुम्ही कॅमेरा ११,६४० वर नेऊन ठेवला, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण १:३५,१०० च्या घरात गेलं आणि सगळं लहान दिसू लागलं.

याच कारणाने पिक्सेल मोजताना पडद्याचे घेऊ नका, नकाशाच्या चौकटीचे घ्या. बाजूला पॅनेल उघडलं की चौकट आक्रसते. आणि ब्राउझरमध्ये ते सीएसएस पिक्सेल, म्हणजे ब्राउझर पानाची मांडणी ज्यांत मोजतो ते, असू द्या, हार्डवेअरचे नकोत. दाट पडद्यांवर दोन्हींत दुप्पट-तिप्पट फरक असतो. टूडी लायब्ररी सीएसएस पिक्सेलांत बोलत असेल आणि तुम्ही कॅनव्हासच्या बफरची, म्हणजे हार्डवेअर पिक्सेलांतली, रुंदी घेतली असेल, तर उंची थेट दुप्पट येईल. कॅनव्हासची क्लायंट-रुंदी वाचलीत तर हा गोंधळ टळतो.

आता उत्तरेकडची तक्रार. तुमचा टूडी नकाशा वेब मर्केटरमध्ये आहे असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाल तशी जमीन ताणली जाते, आणि दाखवलेलं प्रमाण बहुतेक वेळा विषुववृत्तावरचं असतं. खरं रिझोल्यूशन काढायला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं:

मीटर प्रति पिक्सेल = १,५६,५४३.०३ × कॉस (अक्षांश) ÷ २ चा झूमइतका घात

६० अंश अक्षांशावर कोसाइन बरोबर अर्धा. नकाशा १:२५,००० म्हणत असला तरी तिथे तो खरा १:१२,५०० असतो. थ्रीडी गोलावर ताण नसतो, त्यामुळे तुमच्या उंचीवरून तिथे खरोखरचं १:२५,००० दिसतं, म्हणजे टूडीच्या निम्म्या आकाराचं. सिझियममधल्या १९२० रुंदीच्या चौकटीसाठी झूम १४ ला योग्य उंची विषुववृत्तावर सुमारे १५,८९० मीटर येते, ४५ अंशांवर ११,२३० आणि ६० अंशांवर ७,९४०. अक्षांश घ्यायचा तो दृश्याच्या मध्यबिंदूचा. वरचा १,५६,५४३ हा आकडा २५६ पिक्सेलांच्या टाइलसाठी आहे. मॅपबॉक्स ५१२ ची टाइल धरतं, तिथला झूम १३ म्हणजे इतरत्रचा १४. तुमचा टूडी नकाशा यूटीएमसारख्या, पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणात असेल तर हा कोसाइन लावू नका. तिथलं प्रमाण आपल्या पट्ट्यात जवळजवळ खरंच असतं.

पठारांची गोष्ट याहून सोपी आहे. वरच्या सूत्रातली उंची ही जमिनीपासूनची आहे, आणि सिझियमला तुम्ही देता ती डब्ल्यूजीएस ८४ एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या आकारासाठी धरलेल्या गुळगुळीत, किंचित चपट्या गोलापासूनची. पठार १,००० मीटर उंच असेल तर ११,६४० वरचा कॅमेरा जमिनीपासून १०,६४० मीटरवरच राहतो आणि प्रमाण सुमारे १:२२,९०० होतं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, पण तेच १:१०,००० वर पाहा: उंची ४,६५६ हवी, पठार वजा जाता उरतात ३,६५६, आणि प्रमाण १:७,८५० वर येतं. जमीन तेवढीच, चूक मात्र साडेआठ टक्क्यांवरून साडेएकवीस टक्क्यांवर. म्हणून मध्यबिंदूखालच्या भूपृष्ठाची उंची विचारून ती मिळवा, अंदाजाने आकडा घालू नका. ती उंची समुद्रसपाटीपासूनची असेल तर आणखी एक पायरी लागते. एलिप्सॉइड आणि समुद्रसपाटी यांच्यात जगभर साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर इतका फरक पडतो. १:२५,००० ला तो सोडून दिला तरी चालेल, १:१,००० ला नाही.

हे सगळं कॅमेरा सरळ खाली पाहत असताना. तिरका केलात तर एक गोष्ट पक्की धरून ठेवा: वर काढलेली लांबी ही कॅमेऱ्यापासून मध्यबिंदूपर्यंतचं तिरकं अंतर आहे. केएमएलमध्ये, म्हणजे गूगल अर्थच्या फाइल-स्वरूपात, तिला रेंज म्हणतात. उंची म्हणजे रेंज गुणिले कॉस (टिल्ट), टिल्ट म्हणजे सरळ खालच्या दिशेपासून कॅमेरा किती अंश कलला आहे ते. ६० अंश टिल्टला ११,६४० मीटर रेंजची उंची ५,८२० मीटर होते आणि कॅमेरा मध्यबिंदूपासून सुमारे १०,०८० मीटर मागे सरकतो. केएमएल आणि मॅपबॉक्स सरळ खाली पाहण्याला शून्य अंश म्हणतात, सिझियम उणे ९०. तिथे कोसाइनऐवजी साइन येईल. मी अशा वेळी उंची काढतच नाही. लुकअॅट प्रकारची जी आज्ञा रेंज आणि कोन थेट घेते, तिलाच ते देतो आणि त्रिकोणमिती तिच्यावर सोपवतो.

तिरक्या दृश्याला मुळात एकच प्रमाण नसतं हेही तुमच्या वापरकर्त्यांना सांगायला हवं. मध्यावर १:२५,००० आहे, टिल्ट ४५ अंश आणि उभा दृश्यकोन ३६ अंश आहे असं धरा. सपाट जमिनीवर चौकटीच्या खालच्या कडेला आडव्या दिशेतलं प्रमाण सुमारे १:१८,९०० असतं आणि वरच्या कडेला १:३७,०००. एकाच चित्रात जवळपास दुप्पट फरक. त्यामुळे टिल्ट असताना कोपऱ्यात प्रमाण छापणं मला अजिबात पटत नाही. दाखवायचंच असेल तर "मध्यबिंदूवर" असा शब्द जोडा.

पृथ्वीच्या गोलाईची चिंता तुम्ही प्रश्नाच्या शेवटी व्यक्त केली आहे. तुमच्या प्रमाणांसाठी ती सोडा. सरळ खाली पाहताना मध्यबिंदूपाशी सूत्र कुठल्याही उंचीवर बरोबरच असतं, फरक पडतो तो कडांना. मध्यापासून १८ अंशांवरच्या कडेपर्यंत किती जमीन दिसते ते पाहिलं, तर १,००० किलोमीटर उंचीवर सपाट आणि गोल हिशेबांत सुमारे १ टक्क्याचा फरक येतो, ५,००० किलोमीटरवर सुमारे ६ टक्क्यांचा. संपूर्ण खंड दाखवणाऱ्या दृश्यात हे लक्षात येईल, पण तिथे सपाट मर्केटर आणि गोल यांचं चित्र तसंही जुळणार नाही.

ज्या सॉफ्टवेअरचा दृश्यकोन कुठे लिहिलेलाच नाही त्याचं काय? तिथे मी पिक्सेल-अंतर मोजून काढतो, आणि ही रीत मला सूत्राइतकीच विश्वासाची वाटते. सपाट भाग निवडा, कॅमेरा सरळ खाली वळवा, आणि मध्यावर माहीत लांबीची रेघ काढा, समजा १,००० मीटरची. ती पडद्यावर किती पिक्सेल भरते ते स्क्रीनशॉटमध्ये मोजा. कॅमेरा जमिनीपासून ५,००० मीटरवर असताना रेघ ३२० पिक्सेलांची दिसली, तर पिक्सेल-अंतर = ५,००० × ३२० ÷ १,००० = १,६००. त्या चौकटीसाठी हा आकडा कायमचा तुमचा. चौकटीची रुंदी बदलून एकदा आणि उंची बदलून एकदा मोजलंत, तर दृश्यकोन कुठल्या दिशेला बांधलेला आहे तेही समजतं: जी बाजू बदलल्यावर आकडा हलतो, ती.

तुमचं कोड तपासायलाही हीच रेघ वापरा. ७ मीटर प्रति पिक्सेलला एक किलोमीटर १४३ पिक्सेलांचा दिसला पाहिजे. स्क्रीनशॉटमध्ये २८६ आला तर आधी तो दाट पडद्यावर काढलेला आहे का ते पाहा, सूत्र बदलायला जाऊ नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा होतो. टूडीकडून मीटर प्रति पिक्सेल घ्या आणि वेब मर्केटर असेल तर मध्याच्या अक्षांशाचा कोसाइन लावा. चौकटीच्या सीएसएस पिक्सेलांवरून आणि दृश्यकोनावरून पिक्सेल-अंतर काढा. दोन्हींचा गुणाकार ही रेंज. टिल्ट नसेल तर तीत जमिनीची उंची मिळवा, की कॅमेऱ्याची जागा मिळाली. परत येताना हाच हिशेब उलटा करायचा: जमिनीपासूनची उंची भागिले पिक्सेल-अंतर, आणि मर्केटरमध्ये जाताना कोसाइनने भागायचं. नुसता एखादा चौकोनी भाग दिसावा एवढीच गरज असेल तर सिझियमला तो आयतच द्या, उंची तो स्वतः ठरवतो. फक्त तो संपूर्ण आयत मावेल अशी उंची घेतो, म्हणून प्रमाण तंतोतंत जुळेलच असं नाही.

एक मर्यादा मात्र कोणत्याही सूत्राने ओलांडता येत नाही. तुमच्या यादीत १:२,००० आणि १:१,००० सुद्धा आहेत. १:२,००० ला कॅमेरा जमिनीपासून फक्त ९३१ मीटरवर येतो. तिथे ५०० मीटर उंच डोंगर असेल तर त्याच्या माथ्यावरचं प्रमाण १:९३० च्या आसपास होतं, पायथ्याच्या दुपटीहून मोठं. १:२५,००० वर त्याच डोंगराचा फरक जेमतेम चार टक्के होता. मोठ्या प्रमाणांवर इमारती बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात तेही याचमुळे. तिथे मोजमापासाठी दृश्य हवं असेल तर पर्स्पेक्टिव्ह सोडून ऑर्थोग्राफिक, म्हणजे जवळचं-दूरचं सारख्याच आकारात दाखवणारा, कॅमेरा घ्या. त्यात प्रमाण उंचीवर अवलंबूनच नसतं, चौकटीत किती मीटर रुंदी मावते एवढंच द्यायचं असतं: चौकटीचे पिक्सेल गुणिले मीटर प्रति पिक्सेल. १९२० पिक्सेलांना १:२,००० साठी ती १,०७५ मीटर येते. उंची मग एवढीच ठेवा की कॅमेरा सर्वांत उंच माथ्याच्या वर राहील.